चिंचेचे माहेर आणि सासर

मालवणकडील कोणाही गृहिणीस चिंचेचे झाड कोठले असे विचारले, तर ती हसून "आपलेच की!" असे उत्तर देईल, आणि व्यवहारदृष्ट्या पाहता तिचे उत्तर खोटे ठरवण्याची आमची प्राज्ञा नाही. ज्या झाडावरून चिंचवड, चिंचणी, चिंचोली अशी गावे नावारूपास आली, मुंबईसारख्या महानगरात ज्याच्यामुळे चिंचबंदर व चिंचपोकळी ही नावे रूढ झाली, ज्याच्या फळावाचून गरोदर मुलीचे डोहाळे पुरे होत नाहीत, त्या झाडाला परदेशी म्हणावयास जीभ रेटत नाही. तथापि वनस्पतिशास्त्राचा निर्वाळा असा आहे की, चिंचेचे माहेर आफ्रिका खंडाच्या उष्ण कटिबंधात आहे. तेथील गवताळ रानांत ती कोणी न लावता उगवते, आणि तिची पोटजात म्हणावी अशी दुसरी बहीण जगाच्या पाठीवर कोठेही नाही. सबंध कुळीत ही एकटीच.

गंमत अशी की, तिचे शास्त्रीय नाव मात्र दोनदा हिंदुस्थानची साक्ष देते. अरबी व्यापाऱ्यांनी आमच्या किनाऱ्यावरील बंदरांतून ही वस्तू नेली व तिला 'तमर-ए-हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले. त्याचेच पुढे युरोपात टॅमरिंड झाले. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींची नामावळी प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने 'टॅमरिंडस' या शब्दाला आणखी 'इंडिका' हे विशेषण जोडले. हिंदुस्थानचा हिंदुस्थानी खजूर! ज्या मुलीला सासरी इतकी वर्षे झाली की गावाने तिचे माहेरचे नावच विसरावे, तशी ही गोष्ट झाली.

ती येथे केव्हा आली याचा अंदाज आपल्या कोशांवरून करता येतो. अमरकोशात तिला तिन्तिडी, चिञ्चा व अम्लिका अशी तीन नावे दिली आहेत. एखाद्या वस्तूला तीन-तीन नावे रूढ व्हावयास ती वस्तू घरात पुष्कळ दिवस नांदावी लागते. उत्खनन करणाऱ्यांनी तर गंगेच्या खोऱ्यातील सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतींतून चिंचेच्या लाकडाचे कोळसे वेचून काढले आहेत. कोणत्या गलबतातून पहिला चिंचोका आला हे कोणी सांगू शकत नाही. परंतु तो एकटा आला नाही खास. ज्वारी, बाजरी, चवळी, कलिंगड ही सारी मंडळी आफ्रिकेकडचीच. एवढेच नव्हे, तर आम्हां कोकणस्थ-कऱ्हाड्यांपासून कुळवाड्यांपर्यंत सर्वांची पोटे जिने आजवर भरली, ती नाचणीही तिकडचीच. स्वदेशीचा कडक अभिमान बाळगणाऱ्या कोणी आपल्या पानातून आफ्रिकेचे सर्व पदार्थ काढून टाकावयाचे ठरवले, तर नाचणीची भाकरी, चवळीची उसळ आणि चिंचगुळाची आमटी या तिन्हींस एकाच जेवणात मुकावे लागेल.

कोकणच्या स्वयंपाकघरात मात्र चिंचेला एक मोठी जाऊ आहे, ती म्हणजे आमसूल. रातांब्याचे झाड सह्याद्रीच्या पश्चिम उताराचे अस्सल भूमिपुत्र. संस्कृतातील वृक्षाम्ल ते हेच, असे बहुतेक वैद्य मानतात. म्हणजे आमच्या फडताळात एका बरणीत याच मातीचे वृक्षाम्ल आणि शेजारच्या बरणीत समुद्रापलीकडची अम्लिका अशा दोघी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आहेत. दोघींची कामे ठरलेली आहेत आणि त्यांत सहसा ढवळाढवळ होत नाही. मत्स्याहारी शेजाऱ्यांच्या घरी माशाच्या तिखल्याला सोले लागतात; आमच्या घरी सोलकढी, सार आणि श्राद्धपक्षाच्या पानावरील चटणी आमसुलाची. परंतु अळूचे फतफते करावयाचे तर चिंचच हवी. अळूच्या पानांत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात व तेच घशाला खाजवतात. चिंचेच्या आंबटाने त्यांचा उपद्रव कमी होतो, म्हणून आमच्या आजीबाई अळू शिजत असताना चिंचेचा कोळ घालावयास विसरत नसत. त्यांना स्फटिकांची वार्ता नव्हती. घसा खाजतो एवढे ठाऊक होते. कारल्याची चिंचगुळाची भाजी, सणावारी पानाच्या डाव्या बाजूस पडणारे तिळाचे पंचामृत, आणि ऐन वैशाखात उन्हातून आलेल्या पाहुण्यास द्यावयाचे जिरे-गूळ घातलेले चिंचेचे पन्हे, या ठिकाणी आमसूल घालून पाहिल्यास पदार्थ बिघडत नाही, पण तो पदार्थ राहत नाही.

याचे कारण दोघींच्या आंबटपणाची जातच निराळी. चिंचेत मुख्यत्वे टार्टारिक आम्ल असते; गरात शेकडा ८ पासून १८ पर्यंत. वनस्पतींत हे आम्ल विरळा सापडते; द्राक्षे हे त्याचे दुसरे प्रसिद्ध घर. इतर फळे पिकताना आंबटपणा टाकून गोड होतात. चिंच मात्र पिकतानाही आपला आंबटपणा सोडीत नाही, फक्त त्याच्या जोडीला साखर वाढवते. ही साखर शेकडा २५ ते ४५ पर्यंत जाते. गाभुळलेल्या चिंचेला आंबटगोड अशी जी चव येते, आणि जी शाळकरी मुलांना दगड मारावयास लावते, ती या सहवासामुळे. शाळेच्या आवारात चिंचेचे झाड असलेल्या कोणाही मास्तरास मधल्या सुट्टीनंतर फळ्याकडे पाहणारे किती आणि खिडकीबाहेर पाहणारे किती, याचा हिशेब तोंडपाठ असतो.

पितळेची समई व तांब्याची घागर चिंचेने का लखलखते, हेही यावरूनच उमगते. धातूवर जो काळसर थर बसतो, तो या आम्लात विरघळतो आणि खालची मूळ झळाळी उघडी पडते. पण ज्या गुणाने समई उजळते, त्याच गुणाने कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते, हे नव्या सुनांना सांगून ठेवलेले बरे. पूर्वी कल्हईवाला वर्षातून दोनदा दारात येई, तेव्हा सांगण्याची गरज नसे. आता तो येत नाही, पण हौसेने माळ्यावरून काढलेली जुनी पातेली मात्र पुन्हा चुलीवर चढू लागली आहेत. त्यांत पोहे करावेत. चिंचगुळाची आमटी करू नये.

परदेशी प्रवाशांनीही चिंचेची नोंद घेतली आहे. तेराव्या शतकातील व्हेनिसचा मार्को पोलो लिहितो की, पश्चिम किनाऱ्यावरील चाचे व्यापाऱ्यांना पकडून समुद्राच्या पाण्यात कालवलेली चिंच पाजीत, जेणेकरून त्यांनी भीतीने गिळलेली मोती-रत्ने बाहेर पडावीत. चिंच सारक आहे हे त्या चाच्यांस ठाऊक होते, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नाही. त्याहून आम्हांस जवळचा गृहस्थ म्हणजे गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता. याने १५६३ साली गोव्यातच आपला औषधी द्रव्यांवरील ग्रंथ छापला. तो संवादरूप आहे आणि त्यात चिंचेवर एक स्वतंत्र संवाद आहे. हिंदुस्थानचा खजूर या नावामुळे ती माडासारख्या एखाद्या झाडाला येत असावी, असा युरोपातील पंडितांचा समज होता. ओर्ताने दारात झाड पाहिले होते, त्यामुळे त्याने तो समज निर्भीडपणे खोडून काढला. पुढे ब्रिटिशांच्या औषधकोशातही सोनामुखीच्या पाकात चिंचेचा समावेश झाला.

आता या झाडाच्या जोपासनेविषयी लिहितो. कारण आमच्या पाहण्यात असे आले आहे की, गेल्या तीस-चाळीस वर्षांत आंबा व काजू यांची कलमे ज्या उत्साहाने लागली, त्याच्या शतांशानेही चिंच कोणी लावलेली नाही. जी झाडे दिसतात ती आजोबा-पणजोबांच्या हातची, नाहीतर माकडे व मुले यांनी टाकलेल्या चिंचोक्यांतून आपोआप आलेली. महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकाठची पुष्कळ जुनी झाडे गेली, आणि उरलेल्यांवर वीटभट्टीवाल्यांचा डोळा आहे. चिंचेचे लाकूड जड, टणक व जळाऊ म्हणून उत्तम. तेलाच्या घाण्याचे उखळ, मोठमोठे ठोकळे आणि मुसळे यांसाठी त्याच्या जुन्या गाभ्याला तोड नाही. परंतु आता घाणेच राहिले नाहीत, तेव्हा लाकूड भट्टीत जाते.

सिंधुदुर्गाचे हवामान चिंचेला सर्वस्वी अनुकूल आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिचा पिंड कोरड्या मुलखाचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात ती वाढते झपाट्याने, पण फळते बेताने. ती फुलावयाची ती ऐन वळवाच्या आणि मृगाच्या सुमारास. फूल अगदी लहान, पिवळे, त्यावर तांबड्या शिरा. पाकळ्या पाच, पण त्यांतील तीनच नीट उमललेल्या आणि दोन नुसत्या धाग्यासारख्या. पावसाने झोडपले की ही फुले झाडाखाली सडा घालतात. म्हणूनच बार्शी, लातूर, अहिल्यानगर येथील बाजारांत जशी चिंच उतरते, तशी आमच्याकडे उतरत नाही; कोकणच्या किराणा दुकानांतील चिंच बहुतकरून घाटावरची असते. पूर्वी फोंड्याच्या व आंबोलीच्या घाटांनी खालून मीठ व सोले वर जात आणि वरून धान्य व चिंच खाली येई.

असे असूनही ती आमच्या किनाऱ्यावर लावावी, याला दोन सबळ कारणे आहेत. एक, तिला खाऱ्या वाऱ्याचे भय नाही. समुद्रावरून येणाऱ्या ज्या वाऱ्याने आंब्याचा कोवळा पाला करपतो, त्यात ती हिरवीगार राहते. दुसरे, तिचे सोटमूळ खोल जाते व फांदी लवचीक असते, त्यामुळे वादळवाऱ्यात तग धरण्याविषयी तिची ख्याती आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने मालवण-देवगडच्या बागांची जी धूळधाण केली ती येथील कोणी विसरणे शक्य नाही. त्यानंतर ज्यांनी पुन्हा लागवड केली त्यांनी बागेच्या पश्चिमेच्या बांधावर चार चिंचा लावल्या असत्या तर बरे झाले असते. अजूनही वेळ गेलेली नाही.

चिंचोके ताजे, त्याच वर्षीचे घ्यावेत आणि एक दिवस-रात्र पाण्यात भिजत ठेवावेत. जे तरंगतील ते फेकून द्यावेत. त्यांत बहुधा भुंग्याचा शिरकाव झालेला असतो. हा भुंगा चिंचोक्यात राहतो आणि संधी मिळताच भुईमुगाच्या शेंगांतही जातो, तेव्हा एकाच खोलीत चिंचा व भुईमूग साठवणे शहाणपणाचे नव्हे. पिशवीत अर्धा इंच खोल टोकलेला चिंचोका आठ-दहा दिवसांत, क्वचित अधिक दिवसांनी, वर येतो. सोटमूळ लवकर लांब जात असल्यामुळे रोप पिशवीत फार काळ ठेवू नये. जांभ्या दगडाच्या आमच्या जमिनीत तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो माती व कुजलेल्या शेणखताने भरावा आणि पहिल्या पावसानंतर रोप लावावे. दोन झाडांत तीस-बत्तीस फुटांचे अंतर हवे, आणि घराच्या भिंतीपासूनही तितकेच. येथेच बहुतेकांची चूक होते. रोप हातभर असते तेव्हा त्याच्या शंभर वर्षांनंतरच्या विस्ताराची कल्पना येत नाही, आणि मग नातवांना कौले शाकारताना पणजोबांची आठवण काढावी लागते. शेळ्यांना कोवळा पाला फार प्रिय, म्हणून पहिली तीन वर्षे काटेरी कुंपण आवश्यक.

चिंचोक्यापासून केलेले झाड फळावयास आठ ते दहा वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक घेते, शिवाय त्याची फळे आईसारखी गोड होतील याची शाश्वती नसते. ज्यांना थांबवत नाही त्यांनी कलम घ्यावे. ते चौथ्या-पाचव्या वर्षी धरते. छत्रपती संभाजीनगर येथील हिमायतबागेच्या फळसंशोधन केंद्रातून निघालेली 'प्रतिष्ठान' ही जात महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, आणि तमिळनाडूतील पेरियकुळम येथील 'पीकेएम-१' ही दुसरी. पण आमच्या मते घरच्या अंगणासाठी गावातीलच एखाद्या भरघोस फळणाऱ्या जुन्या झाडाची काडी घेऊन कलम बांधवणे सर्वांत उत्तम. ज्या झाडाने आमचा पाऊस साठ वर्षे सोसून फळ दिले, त्याची परीक्षा आणखी कोणी घ्यावयाची?

चिंचेखाली झोपू नये, तेथे भुताखेतांचा वास असतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. सायंकाळी तिची पाने मिटतात, खाली दाट सावलीमुळे आणि पडलेल्या पाल्याच्या गुणामुळे दुसरे रोप सहसा धरत नाही, आणि जुन्या खोडात ढोली असून तीत घुबडे राहतात. एवढ्या सामग्रीवर भूत उभे करणे कोकणात फारसे कठीण नाही. उलट तमिळनाडूत आळ्वारतिरुनगरी येथे ज्या चिंचेखाली नम्माळ्वार बसले असे मानतात, तिची पूजा होते, आणि ग्वाल्हेरीस तानसेनाच्या समाधीजवळील चिंचेचा पाला गवई मंडळी आवाजासाठी भक्तीने चघळीत आली आहेत. एकाच झाडाखाली कोठे भूत, कोठे संत, तर कोठे गवई!

भुताची भीती आता फारशी उरलेली नाही. तिची जागा वाटणीच्या भीतीने घेतली आहे. आमच्या परिचयाच्या मालवण तालुक्यातील एका घराची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. घर जुने चौसोपी, अंगण सामाईक, आणि अंगणाच्या कडेला शंभरी ओलांडलेली चिंच. सातबाऱ्यावर नावे अकरा; प्रत्यक्ष घरात राहणारी माणसे दोन, थोरले भाऊ आणि त्यांची विधवा वहिनी, जिला सर्व जण काकू म्हणतात. बाकीची बिऱ्हाडे मुंबई-पुण्यास, चतुर्थीला येणारी. मागील एका चतुर्थीस लाकडाचा व्यापारी आधीच येऊन भाव सांगून गेला होता. विसर्जनानंतर पडवीत बैठक बसली. एकाने म्हटले, झाड गेले तर तीन मोटारी सहज उभ्या राहतील. दुसऱ्याने म्हटले, फांदी माजघराच्या कौलांवर आली आहे, उद्या वादळात पडली तर जबाबदार कोण? तिसऱ्याने कायद्याची आठवण दिली. १९६४ साली महाराष्ट्रात झाडे तोडण्यावर निर्बंध घालणारा जो कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस यांच्याबरोबर चिंचेचेही नाव घातलेले आहे, तेव्हा परवानगी काढावी लागेल आणि अर्जावर अकराही जणांच्या सह्या लागतील. आलेली रक्कम चार वाट्यांत विभागली तर प्रत्येकाच्या हाती एका महिन्याच्या किराण्याचे पैसेही पडणार नव्हते, हा हिशेब कोणी मोठ्याने केला नाही.

काकू इतका वेळ आत होत्या. त्या उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, दरसाल शिमग्यानंतर प्रत्येकाच्या घरी चिंचेचे गोळे जातात, ते दुकानातले नव्हेत. गेल्या साली चार मण आकडे निघाले, सोलून दोन मण गर. आता माझे गुडघे चालत नाहीत. झाड ठेवायचे की पाडायचे ते मागाहून ठरवा; माझ्यामागे चिंच फोडणार कोण, ते आधी सांगा."

बैठकीत यावर कोणी बोलले नाही. अखेर एवढेच ठरले की, कौलांवर आलेली फांदी रीतसर परवानगी घेऊन थंडीत उतरवावी, आणि मुंबईच्या दोन सुनांनी फाल्गुनात आठ दिवस येऊन काकूंच्या हाताखाली काम करावे. त्यांतली एक आली. दुसरीला रजा मिळाली नाही. झाडाचा निर्णय पुढच्या चतुर्थीवर गेला आहे.

काकूंचा प्रश्न आम्हांस योग्य वाटतो. झाडे लावा असा उपदेश करणारे लेख पुष्कळ निघतात. पण झाडाचे फळ बरणीत जाईपर्यंत ज्या बायकांच्या बोटांची साले निघतात, त्यांचा हिशेब त्यांत नसतो. म्हणून ती रीत येथे थोडी सविस्तर देतो. घरातील पुरुषमंडळींनीही ती वाचावी, विळी व दगड पुरुषांच्या हातीही चालतात. माघ-फाल्गुनात आकड्याचे टरफल ठिसूळ होऊन बोटाने दाबताच फुटू लागले की चिंचा झाडून घ्याव्यात. झोडपून पाडल्यास पुढील वर्षीची फुटवे मोडतात. फांद्या हलवून पाडणे चांगले. दोन दिवस कडक उन्हात घालून टरफल काढावे, मग लांबीच्या शिरा ओढाव्यात, आणि शेवटी आकडा दगडावर उभा धरून चिंचोका ठोकून बाहेर काढावा. ओलसर हवेत हे काम करू नये, गर हाताला चिकटतो व निम्मा वाया जातो. शंभर भाग आकड्यांत गर सुमारे पंचावन्न भाग, चिंचोके चौतीस आणि टरफल-शिरा अकरा, असे साधारण प्रमाण धरतात. स्वच्छ गराला जाडे मीठ चोळून, पुन्हा ऊन दाखवून, मुठीएवढे गोळे वळावेत आणि चिनीमातीच्या बरणीत दाबून भरावेत. धातूचा डबा कदापि वापरू नये. पावसाळ्यापूर्वी बरणीच्या तोंडाला दादरा बांधावा. पहिल्या वर्षी तांबूस असलेली ही चिंच दुसऱ्या वर्षी काळी होते. ती बिघडली असे समजून टाकू नये. वैद्य तर जुन्या चिंचेलाच अधिक मान देतात. बाजारातील पाकिटबंद कोळ सोयीचा खरा, पण त्याने वाटीभर आमटीला आंबटपणा येतो, वास येत नाही.

राहिला चिंचोका. 'चिंचोक्याच्या मोलाने' असे आपण तुच्छतेने म्हणतो, परंतु या वस्तूचा आमच्या जिल्ह्याशी असलेला संबंध फार थोड्यांस ठाऊक आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा वाचकांनी पाहिली असेल. निदान ऐकली असेल. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा, मिळून १२० वाटोळी पाने. हे पान पूर्वी कापडाचे किंवा कागदाचे थर एकावर एक चिकटवून करीत आणि ते थर धरणारी खळ चिंचोक्याची असे. चिंचोके भाजून साल काढावयाची, भिजत घालून वाटावयाचे आणि शिजवून दाट खळ करावयाची. तिच्यावर पांढऱ्या मातीचा थर देऊन, दगडाने घोटून, मग रंग व लाख. मत्स्य-कूर्मांपासून कल्कीपर्यंतचे दहाही अवतार चिंचोक्याच्या खळीवर उभे होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ लोपली होती. १९७० नंतर सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला जीवदान दिले, आणि २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकनही मिळाले.

याच खळीचा दुसरा अवतार कापडाच्या गिरण्यांत झाला. दुसऱ्या महायुद्धात मक्याचा व इतर धान्यांचा स्टार्च दुर्मिळ झाला, तेव्हा देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील मंडळींनी चिंचोक्याच्या पिठातील चिकट द्रव्याचा अभ्यास केला. पुढे सुताला व तागाला खळ देण्यासाठी ते पीठ कारखान्यांतून निघू लागले. आज मुरंबे दाट करण्यापासून डोळ्यांत घालावयाच्या काही थेंबांपर्यंत त्याचा उपयोग होतो. ज्या चिंचोक्यांनी आम्ही लहानपणी सारीपाट खेळलो, त्यांची ही प्रगती पाहून त्यांना अरेतुरे करणे आता बरे दिसत नाही.

लिहिता लिहिता एका नावसाधर्म्याचा खुलासा करणे अवश्य आहे. गोरखचिंच हे झाडही आफ्रिकेचेच, पण चिंचेचे आप्त नव्हे. ते शेवरीच्या कुळातले. हत्तीच्या पायासारखे अवाढव्य खोड, त्यात साठवलेले पाणी, आणि लोंबणारी मखमली लवीची मोठी फळे. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत ती पाहावयास मिळते. तिचा गर पांढरा, कोरडा, पिठासारखा व आंबट. जिरे व साखर घालून त्याचे सरबत पित्तावर देण्याची चाल कोकणात होती. अरब, हबशी की पोर्तुगीज, हे झाड कोणी आणले याविषयी मतभेद आहेत. ज्याच्याकडे अर्धा एकर मोकळी जागा आणि नातवंडांवर विश्वास असेल त्याने ते खुशाल लावावे. अंगणात लावावयाची ती साधी चिंच.

रोपे करू इच्छिणाऱ्यांनी यंदाचे चिंचोके अक्षय्यतृतीयेच्या आत वेगळे काढून, राखेत मळून, कोरड्या गाडग्यात ठेवावेत. मृग निघण्यापूर्वी पंधरवडाभर पिशव्या भराव्यात. एका घरास एक झाड पुरे होते, परंतु पिशव्या चार भराव्यात: एक आपली, एक शेजाऱ्याची, एक शाळेच्या आवारासाठी, आणि एक शेळीची.